बासष्ट कोयत्यांचं गाव

बाजीराव तांबारे अकरा वर्षांपासून दोह्यात ड्रायव्हर होता. या अकरा वर्षांत त्यानं बायकोला कतारला आणण्याचा प्रयत्न तीनदा केला होता आणि तिन्ही वेळा पगार आडवा आला होता. फॅमिली व्हिसाला जेवढा पगार लागतो तेवढा त्याच्या कंपनीत फक्त सुपरवायझरला मिळायचा. चौथ्यांदा त्यानं चौकशीच केली नाही. त्यामुळं एका दुपारी, कोस्टर बसमध्ये डबा खाताना फोनवर बबीताचा आवाज आला, "अहो, मी कतारला यायलेय," तेव्हा ती गंमत करतेय असंच त्याला वाटलं.

"कुनाच्या व्हिसावर?" त्यानं विचारलं.

"माझ्याच की. सरपंच म्हनून बोलावलंय. तिकीट तेच देनार, हॉटेल तेच देनार. पंधरा तारखेला पोचते."

बाजीरावच्या हातातला घास हातातच राहिला.

दोह्याच्या मुशैरिब भागातल्या एका मोठ्या हॉटेलात तीन दिवसांची परिषद होती. सरकारनं खर्च केला की गरिबी खरंच कमी होते का, हा विषय. वेगवेगळ्या देशांतले अभ्यासक येणार होते आणि त्यांच्या जोडीला, जिथं हा खर्च होतो तिथली माणसंही बोलावली होती. भूम तालुक्यातल्या पिंपळदऱ्यात, म्हणजे त्यांच्याच गावात, विद्यापीठाची मुलं वर्षभर येऊन घरोघर प्रश्न विचारून गेली होती. त्यांच्या अहवालातून बबीताचं नाव पुढं आलं होतं.

हे सगळं ऐकताना बाजीरावला अभिमान वाटायला हवा होता. तो वाटलाही, पण त्याच्या खाली थोडी अडचण होती. चार वर्षांपूर्वी गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं, तेव्हा बबीताला उभी राहू नको म्हणणारा तोच होता. "माझ्या पगारावर चाललंय ना सगळं? मंग कशाला गावची धुनी धुवायची?" असं तो फोनवर म्हणाला होता. बबीतानं तीन दिवस काही उत्तर दिलं नाही. चौथ्या दिवशी तिनं भरलेल्या अर्जाचा फोटो पाठवला. तिला निवडून यायला त्यानं मदत केली नाही आणि अडवलंही नाही.

लग्नानंतर दोन हंगाम दोघांनी मिळून ऊस तोडला होता. तिसऱ्या वर्षी तो कारखान्याच्या ट्रॅक्टरवर गेला, मग लायसन काढून मुंबईत आणि तिथून दोह्यात. त्याच्या पैशातून गावात स्लॅबचं घर झालं, पुढच्या भिंतीला टाइल्स लागल्या. घर वर आलं ते आपल्यामुळं, अशी त्याची पक्की समजूत होती. ती खोटी नव्हती.

जियाद हा त्याचा ट्रान्सपोर्ट सुपरवायझर. पॅलेस्टिनी माणूस, पन्नाशीचा, मोडक्या हिंदीत बोलायचा. बाजीराव सुट्टी मागायला गेला तेव्हा तो म्हणाला, "सुट्टी नाही. परिषदेच्या पाहुण्यांसाठी तीन कोस्टर मागवल्यात. एक तुझी."

"साहब, मेरी वाइफ आ रही है."

"इथं? राहणार कुठं?"

"मुशैरिब के हॉटेल में. वो गेस्ट है."

जियादनं यादी काढली, बोट फिरवत खाली आला आणि एका नावावर थांबला. नावाच्या मधोमध बाजीराव लिहिलेलं होतं. त्यानं ते दोनदा वाचलं, मग विमानतळावर धरायची तिच्या नावाची पाटी बाजीरावच्या हातात दिली. "यल्ला, चल. मग तूच आण तिला. अकरा वर्षं तू माझ्याकडं आहेस, आणि बायको सरपंच आहे हे मला आज कळतंय?"

बाजीरावनं हे कधी कुणाला सांगितलंच नव्हतं.

पंधरा तारखेला सकाळी तो विमानतळावर पाटी घेऊन उभा राहिला. कंपनीचा निळा शर्ट, इस्त्री केलेला. पाटीवर तिचं पूर्ण नाव इंग्रजीत होतं. ती केनियाच्या एका बाईबरोबर बाहेर आली. जांभळी साडी, पायात बूट, खांद्यावर पर्स आणि हातात फाइल. नवरा-बायको दोन वर्षांनी भेटत होती. चारचौघांत काय करावं हे दोघांनाही कळेना.

"ड्रायव्हर," ती म्हणाली, "सामान घ्या की."

आणि मग तिला हसू आवरेना. तोही हसला. त्यानं तिची बॅग घेतली, आणि केनियाच्या बाईचीही घेतली.

बसमध्ये ती त्याच्या मागच्याच सीटवर बसली. बाकीचे पाहुणे उंच इमारतींचे फोटो काढत होते. तिनं विचारलं, "हितं नदी न्हाई, पाऊस न्हाई. पानी कुठनं येतंय?"

"समुद्राचं गोडं करत्यात."

"कोन करतंय?"

"सरकार."

"हां," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा विचारलं, "पाइपलाइन पार शेवटच्या घरापातूर जाती का?" त्याला ते माहीत नव्हतं. अकरा वर्षं तो हे पाणी पीत होता, पण हा प्रश्न त्याच्या मनात कधी आला नव्हता.

तिच्या भाषणाचं इंग्रजी करायला सुचित्रा नावाच्या एक बाई होत्या. मूळच्या पुण्याच्या, गॅस कंपनीत इंजिनिअर, नवरा आणि मुलगी नुपूर यांच्याबरोबर अल सद्दला राहायच्या. परिषदेच्या लोकांनी महाराष्ट्र मंडळाकडं दुभाषी मागितला होता आणि त्यांनी आपणहून नाव दिलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी बबीताला घरी जेवायला बोलावलं. आणायला-सोडायला बाजीरावच होता, म्हणून तोही जेवायला बसला.

जेवण झाल्यावर सुचित्रा वही घेऊन बसल्या. "वहिनी, एक suggestion देऊ? तुमचे मिस्टर इथं आहेत, त्यांनी पैसे पाठवले आणि घराची प्रगती झाली, असं सुरुवातीला घेऊ या. इथल्या लोकांना ते लगेच connect होईल."

"न्हाई ताई," बबीता म्हणाली. "तसं न्हाई सांगनार."

"का हो? खरंच आहे ना ते?"

"खरं हाय. पर मला त्याच्यासाठी न्हाई बोलावलं."

सुचित्रांनी बाजीरावकडं पाहिलं. तो ताटातल्या मिठाकडं बघत होता.

हॉटेलकडं परतताना बस रिकामी होती. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "मंग माझ्या पैशानं काहीच झालं न्हाई व्हय?"

"असं कोन म्हनलं?"

"तूच म्हनलीस."

"घर झालं की आपलं. पर आपल्या घराला स्लॅब पडला, तवा शेजारच्या हौसाबाईच्या घराला कुलूपच हुतं. ती कारखान्यावर पालात ऱ्हात हुती, लेकरं घेऊन. तिचा नवरा न्हाई कतारला. तिनं काय करायचं?"

सिग्नल हिरवा झाला. त्यानं गाडी काढली. हॉटेल आलं. उतरताना ती "येते" एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिची वेळ होती. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही असा नियम होता, त्यामुळं बाजीराव तळघरातल्या पार्किंगमध्ये बसून होता. पावणेअकराला जियाद तिथं आला आणि गाडीचं दार उघडून म्हणाला, "उतर."

"क्यों साहब?"

"मी बसतो गाडीत. तू वर जा. माझी बायको अशी स्टेजवर बोलणार असती तर मी नोकरी सोडून गेलो असतो. जा, खलास."

बाजीराव निळ्या शर्टातच वर गेला. हॉलमध्ये दोनशे माणसं होती. तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहिला. त्याच्या शेजारी पाण्याच्या बाटल्यांचा ट्रे घेतलेला एक नेपाळी वेटर होता.

बबीता माइकसमोर आली तेव्हा तिचा पदर घट्ट खोचलेला होता. ग्रामसभेतही ती असंच करते, हे त्यानं फोनवरच्या व्हिडिओत पाहिलं होतं. तिनं शुद्ध बोलायचं ठरवलं होतं. पहिलं वाक्य तसं बोललीही. दुसऱ्या वाक्याला ती आपल्या बोलीवर आली आणि तिथंच राहिली.

"आमच्याकडं गरिबी मोजायची तर कोयते मोजत्यात. एक कोयता म्हंजी ऊसतोडीला जानारी एक नवरा-बायको. दिवाळी झाली की घराला कुलूप. लेकरं संगं. पाच-सहा महिने कारखान्यावर, पालात. माघारी येईपातूर लेकरांची शाळा बुडालेली. मी सरपंच झाले तवा माझ्या गावातनं बासष्ट कोयते जात हुते. यंदा तेवीस गेले."

सुचित्रा वाक्यागणिक इंग्रजी करत होत्या. कोयता हा शब्द मात्र त्यांनी तसाच ठेवला.

"पयल्या वर्षी मी चुकले," बबीता पुढं म्हणाली. "शहरातनं एक मानूस आला, गोड पान्याचं मशीन घ्या म्हनला. सरकारचा निधी हुता, घेतलं. आठ महिने चाललं. आता त्याच्यात चिमन्या ऱ्हात्यात." लोक हसले. ती हसली नाही. "सरकारनं पैसा खर्च केला की गरिबी हटती, असं न्हाई. हे मी सोता बघितलं. पैसा कशावर लावायचा ते कोन ठरवतंय, त्यावर सगळं हाय. मंग मी ऊसतोडीला जानाऱ्या बायांना बसवलं. इचारलं, काय झालं तर तुमी जानार न्हाई? मला वाटलं, काम द्या म्हनतील. त्या म्हनल्या, आधी लेकरांचं बघ. मायबाप गेले तरी लेकरू गावात राहील, असं कर."

मग तिनं सांगितलं. लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना कागदावर होतीच, मागणारं कुणी नव्हतं. तिनं पंचायत समितीत सात खेपा घातल्या. नाव वसतिगृहाचं, पण त्यात मुलं गावातच नातेवाइकांकडं राहतात. पहिल्या हंगामात एकेचाळीस मुलं आजी-आजोबांजवळ राहिली, शाळेत दोन वेळचं जेवली. मग रोजगार हमीतून चौदा विहिरी झाल्या. त्या खणण्याची मजुरीही गावातल्याच लोकांना मिळाली. पाणी लागलं तिथं तुती लावली, तुतीवर रेशमाचे किडे आले, आणि महिन्याला विकता येईल असं काहीतरी पहिल्यांदाच कोरडवाहू रानातून निघालं. ज्यांच्या शेडमध्ये किडे होते ती माणसं दिवाळीनंतर कुलूप लावून जाऊच शकत नव्हती, कारण किड्यांना दिवसाला चार वेळा पाला लागतो.

"घरं उघडी राहिली," ती म्हणाली. "दिवाळीनंतर आमच्या गावात चुली पेटलेल्या दिसायला लागल्या. एवढंच मला सांगायचं हुतं."

टाळ्या थांबल्यावर पुढच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. ढाक्याच्या अर्थतज्ज्ञ, नाव हजरा. त्यांनी विचारलं, "हाच पैसा घराघरांत रोख वाटला असता तर? लोकांना आपली गरज सरकारपेक्षा जास्त कळते, असं नाही वाटत?"

सुचित्रांनी प्रश्न मराठीत सांगितला. बबीतानं माइक जवळ ओढला.

"काही घरांत रोखच द्यायला पायजे. आमच्याकडं निराधार म्हाताऱ्या हायत, त्यांना महिन्याचं अनुदान मिळतं. त्यांना विहीर देऊन काय करायचं? पर बाकीच्यांना वाटलं असतं तर दोन महिन्यांचं दळन झालं असतं, एक सन गोड झाला असता. शाळा, रस्ता, विहीर ह्या गोष्टी एकट्या घराला घेता येत न्हाईत. आन् बाई म्हनल्या ते खरं हाय, गरज लोकांनाच कळती. म्हनून तर मी बायांना इचारलं. मशीन घेतलं तवा इचारलं नव्हतं."

हजराबाई वहीत काही लिहीत हसल्या आणि खाली बसल्या.

मग मागून एका वयस्कर गृहस्थानं विचारलं, "तुमच्या भागातले बरेच लोक आखातात असतात. गरिबी त्यांच्या पैशानं कमी झाली, असं म्हणता येणार नाही का?"

भिंतीजवळ उभ्या बाजीरावचे कान गरम झाले.

"आमच्या गावचे सात जन हिकडं हायत," बबीता म्हणाली. "सात घरांना स्लॅब पडले. त्यातलं एक माझं. माझा मालक हितंच दोह्यात ड्रायव्हर हाय. अकरा वर्षं उन्हातान्हात गाडी चालवतोय. सरपंचाचं मानधन मिळून मिळतंय किती? घरची चूल त्याच्या पैशावर पेटली, म्हनून मला पंचायत समितीत सात खेपा घालता आल्या. माझ्या जागी पोटाची काळजी असलेली बाई असती, तर दुसऱ्या खेपेलाच दमली असती. तवा त्या एकेचाळीस लेकरांच्या ताटात त्याचाबी घास हाय. पर साहेब, सगळं गाव कतारला न्हाई येऊ शकत. तेवढ्या गाड्या तरी हायत का हितं? ज्यांच्या घरातलं कोनी हितं न्हाई, त्यांच्यासाठी सरकार पायजे."

सुचित्रांनी हे सगळं इंग्रजीत सांगितलं, एकही वाक्य न गाळता.

नेपाळी वेटरनं बाजीरावकडं पाहिलं. बाजीराव डोळे पुसत होता. "क्या हुआ भाई? आप इनको जानते हैं?"

"मेरी घरवाली है," बाजीराव म्हणाला. "सरपंच है."

एवढं म्हणून त्याचं समाधान झालं नाही. तो खाली पार्किंगमध्ये गेला आणि जियादला सगळं भाषण पहिल्यापासून सांगितलं, मोडक्या हिंदीत, हातवारे करत. चिमण्यांच्या ठिकाणी जियाद हसला आणि लेकरांच्या ठिकाणी "पुन्हा सांग" म्हणाला.

परिषद गुरुवारी संपली. शुक्रवारी संध्याकाळी तिचं विमान होतं. दिवसभरात काय बघायचं असं त्यानं विचारलं, तर समुद्र नको, मॉल नको, म्हणाली. "तुमी ऱ्हाता ती खोली दाखवा."

"तिथं बायांना सोडत न्हाईत."

"मंग भाइरनं दाखवा."

जियादनं तासभर कोस्टर दिली. इंडस्ट्रियल एरियातल्या त्यांच्या इमारतीच्या फाटकाबाहेर बाजीरावनं गाडी उभी केली. दुसऱ्या मजल्यावरची, वाळत घातलेल्या पंच्यांची खिडकी त्यानं बोटानं दाखवली. ती बराच वेळ वर बघत राहिली. अकरा वर्षांत त्यानं तिला या खिडकीचा फोटो एकदाही पाठवला नव्हता.

तेवढ्यात त्याच्या खोलीतली माणसं खाली आली. सुट्टीचा दिवस होता. बाबू हा बीडकडचा वेल्डर सगळ्यांत पुढं. बाकीचे पाच जण मागं, नव्या शर्टांत. त्यांनी नमस्कार केला. बाबूनं विचारलं.

"वहिनी, बाजीराव काल रात्रभर तुमचंच सांगत हुता. ते लेकरांच्या वसतिगृहाचं... आमच्या गावात न्हाई ते. ते कुनाकडं मागायचं?"

"ऊन हाय," बबीता म्हणाली. "गाडीत बसा सगळे."

एसी चालू करून बाजीराव स्टिअरिंगवर बसला आणि मागं वळून बघत राहिला. सहा माणसं सीटवर बसली होती आणि बबीता मधल्या वाटेत उभी होती. ती विचारत होती, गावातून किती कोयते जातात, शाळेत पट किती, ग्रामसभा शेवटची कधी झाली. सहांतल्या चौघांना हे माहीत नव्हतं. "घरच्यांना फोन लावा आन् इचारा," ती म्हणाली, "आत्ता लावा." त्यांनी लावले. एकाची बायको म्हणाली, ग्रामसभेला आम्ही कधी गेलोच नाही. बबीतानं फोन हातात घेतला आणि तिला सांगितलं, जायचं, नुसतं बसायचं नाही, मागणी करायची, ती ठरावात लिहून घ्यायला लावायची आणि लिहिलेलं वाचून दाखवा म्हणायचं.

तासाचा दीड तास झाला. जियादचा फोन आला. बाजीराव म्हणाला, "साहब, ग्रामसभा चल रही है." जियादला शब्द कळला नाही, पण तो म्हणाला, "ओके, ओके, इन्शाल्ला आ जाना."

विमानतळावर तिला सोडताना त्यानं खूप दिवस मनात असलेलं वाक्य बोलून टाकलं. "तुला उभी राहू नको म्हनलो हुतो, ते चुकलंच माझं."

"मला ठाऊक हुतं तुमचं चुकलंय ते," ती म्हणाली. "म्हनून तर अर्ज भरला." मग त्याच्या शर्टाची कॉलर तिनं नीट केली आणि ती आत गेली. काचेपलीकडून तिनं हात केला. तिच्यामागून केनियाची बाई आली आणि तिच्याबरोबर फोटो काढू लागली.

सव्वीस जानेवारीला दुपारी बाबू खोलीत धावतच आला. त्याच्या गावात ग्रामसभा झाली होती आणि त्याच्या आईनं, पारूबाईनं, ती कुणाकडून तरी फोनवर रेकॉर्ड करून पाठवली होती. सगळे भोवती जमले. आधी माणसांचा गोंधळ ऐकू आला, मग म्हाताऱ्या बाईचा कापरा आवाज. "माझी नातवंडं यंदा कारखान्यावर हायत. पुढल्या साली जानार न्हाईत. वसतिगृहाचा ठराव लिवा." कुणीतरी म्हणालं, बघू. पुन्हा तिचा आवाज आला, या वेळी न कापता, "बघू न्हाई. लिवा आन् वाचून दावा."

आणि मग खरंच कुणीतरी वाचून दाखवलं.

बाबूनं ते चार वेळा लावलं. "वहिनींना कळव," तो म्हणाला. बाजीरावनं फोन लावला. पलीकडं खूप माणसांचा आवाज होता.

"मीटिंगीत हाय," बबीता म्हणाली, "मंग बोलते," आणि फोन बंद झाला.

बाजीरावनं सगळ्यांकडं बघितलं. "मीटिंगीत हाय," त्यानं सांगितलं, आणि हे सांगताना आपली छाती फुगलीय हे त्याचं त्यालाच कळलं.